हँडलचा कोनसेट घरी कसा तपासायचा आणि कसा ऍडजस्ट करायचा (नवीन मंडळींसाठी)

पावसाळा सरत आला की कोल्हापुरातल्या बऱ्याच गॅरेजसमोर एकच तक्रार ऐकू येते, पुढचा ब्रेक मारला की खालनं टक्क करून वाजायलंय. आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर इलाज पण एकच, मेकॅनिक छिन्नी-हातोडी घेतो, टाकीच्या पुढं वाकून त्या गोल नटाला दोन ठोके देतो आणि झालं बघा म्हणतो. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. पण त्या दोन ठोक्यांत गाडी सुधारली की बिघडली हे कुणी बघतच नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथंच आहे. ढिला कोनसेट वाजतो म्हणून लोक त्याच्याकडं लक्ष देतात. जास्त आवळलेला कोनसेट गप बसतो, आणि तोच जास्त धोक्याचा. म्हणून आधी तपासायला शिका, पाना नंतर लावा. तपासायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही आणि एकदा हाताला कळलं की आयुष्यभर कळतं.

आता कोनसेट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फ्रेमच्या पुढच्या टोकाला जो जाड उभा पाईप असतो त्याच्यातनं टी चा दांडा वर येतो, त्या टी ला खाली दोन्ही शॉकअप धरलेले असतात आणि वर टॉप प्लेट, त्यावर हँडल. पाईपच्या वरच्या तोंडाला एक बेअरिंग आणि खालच्या तोंडाला एक, ह्या दोन बेअरिंगांवर अख्खं पुढचं चाक डावी-उजवीकडं फिरतं. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत आणि जुन्या बुलेटमध्ये सुट्टे छर्रे असतात, वाटीत बसलेले आणि वरनं कोन, म्हणून नाव कोनसेट. काही गाड्यांत छर्रे पिंजऱ्यात येतात आणि काहींत टेपर रोलर म्हणजे छर्ऱ्यांच्या जागी निमुळते छोटे रूळ असतात. तपासायची पद्धत सगळ्यांना सारखीच, ऍडजस्ट करताना थोडा फरक पडतो तो पुढं सांगतो.

खालचं बेअरिंग आधी खराब होतं हे लक्षात ठेवा, कारण खड्ड्याचा बहुतेक दणका त्याच्यावर जातो, वरच्याचं काम मुख्यतः दांडा सरळ धरून ठेवायचं. आणि खराब व्हायची एक ठरावीक तऱ्हा आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते ना, म्हणजे छर्रे तासनतास वाटीतल्या त्याच त्याच जागेवर बसून असतात, पूर्ण गोल कधी फिरतच नाहीत, साध्या रस्त्यावर हँडल हलतं तेवढं चार-पाच अंशांतच. त्यात गगनबावड्याकडचा पावसातला रस्ता घ्या, नाहीतर साखर कारखान्याच्या वाटेवरचा, ऊसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला. दणके त्याच जागी बसतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, पाणी आत गेलं तर गंज चढतो आणि वाटीत छर्ऱ्यांच्या जागी बारीक खळगे पडतात. मग हँडल सरळ केलं की छर्रे त्या खळग्यांत जाऊन बसतात, आणि चालवताना वाटतं की गाडी जणू रुळावर चढलीय, वळायला आधी जोर लागतो आणि मग एकदम वळते.

गाडी चालवताना काय जाणवतं ते थोडक्यात. ढिला असेल तर पुढचा ब्रेक दाबताना टक्क, खड्ड्यात टकटक, आणि ऍक्सिलरेटर सोडून वेग कमी होताना हँडल थरथरतं. जास्त टाईट असेल तर आवाज काहीच नाही पण कमी वेगात गाडी सरळ जात नाही, महाद्वार रोडला गर्दीतनं हळू चाललाय आणि सारखं हँडल इकडं तिकडं करून तोल सावरायला लागतोय, खांदे भरून येतात, तर आधी कोनसेट बघा. दोन चाकांवर गाडी सरळ राहते ती हँडल आपलं आपण बारीक बारीक फिरून तोल सावरतं म्हणून. ते फिरणंच अडलं तर सगळं काम तुमच्या हातावर येतं, आणि हायवेला ऐंशीच्या वर गेल्यावर अशी गाडी डुलायला लागली तर सावरणं अवघड.

आता तपासणी. ही नीट वाचा, लेखातला हाच भाग महत्त्वाचा आहे.

पुढचं चाक जमिनीवरनं पूर्ण उचललेलं पाहिजे, त्याशिवाय काही कळणार नाही. डबल स्टँड असेल तर सोपं, गाडी डबल स्टँडवर लावा आणि घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर मागं सरकून बसायला सांगा, पुढचं चाक हवेत येतं. माणूस नसेल तर इंजिनच्या खाली लाकडी ठोकळा घालून कारचा छोटा जॅक लावा. जॅक सायलेन्सरच्या पाईपवर लावू नका, ऑइल काढायच्या बोल्टवर पण नको, इंजिनचा सपाट भाग किंवा फ्रेमचा पाईप बघा. डबल स्टँड नसलेल्या गाडीला मागं पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून गाडी उभी धरणारा वेगळा स्टँड) पाहिजे. फक्त साईड स्टँड आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली वाकू नका, गाडी अंगावर येते. जमीन सपाट, सिमेंटची असावी, शेणानं सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात जॅक रुततो, खाली फळी टाका.

सगळ्यात आधी हँडल एका बोटानं फिरवा. मूठ धरून नाही, एका बोटानं, हँडलच्या टोकाला. डावीकडच्या लॉकपासून (म्हणजे हँडल पूर्ण वळून अडतं ते टोक) उजवीकडच्या लॉकपर्यंत अगदी हळू, दहा सेकंद लावा त्याला. जोरात फिरवलं की बारीक दोष हाताला कळत नाही, हळू फिरवलं की खळगा बरोबर सापडतो. चाक समोर सरळ आलं की कुठं किंचित अडतंय का, टुक करून बसतंय का, तिथनं पुढं न्यायला बोटाला थोडा जास्त जोर लागतोय का. असं असेल तर वाटीत खळगे पडलेत आणि ऍडजस्ट करून ते जाणार नाहीत, सेट बदलायचा. सगळीकडंच खरखर लागली, वाळू घातल्यासारखी, तर ग्रीस गेलंय किंवा गंज आहे. एक सांगतो, क्लचची केबल, ऍक्सिलरेटरची केबल, डिस्क ब्रेकचा होज आणि वायरिंग ही सगळी हँडलला थोडी ओढतात, विशेषतः दोन्ही टोकांना. तिथला जोर कोनसेटचा समजू नका. शंका असेल तर केबल हातानं थोडी सैल धरून परत फिरवा.

दुसरं म्हणजे हँडल सरळ धरा आणि एका बाजूला हलकासा धक्का देऊन सोडून द्या. चांगल्या कोनसेटला चाक स्वतःच्या वजनानं गुळगुळीत घरंगळत लॉकपर्यंत जातं. मध्येच थांबलं तर टाईट आहे (किंवा केबल अडतेय, ती बघितली आहेच तुम्ही). धाडकन जाऊन आपटलं आणि उसळून परत आलं तर बहुधा ढिला. दोन्ही बाजूंना करून बघा. काही गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शॉकअपच्या टोकाला ताणकाटा अडकवून हँडल किती वजनाला हलायला लागतं त्याचा आकडा दिलेला असतो. सामान मोजायचा छोटा काटा असेल तर तेही करा, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधनं घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही.

तिसरी तपासणी प्ले ची, म्हणजे जोडातल्या ढिलेपणाची, हिच्यात नवीन मंडळी हमखास गोंधळतात म्हणून जरा सविस्तर. गाडीच्या पुढं उकिडवे बसा. दोन्ही शॉकअपच्या खालची टोकं दोन्ही हातांनी धरा, एक्सलच्या जवळ, आणि स्वतःकडं ओढा, मागं ढकला, ओढा, ढकला. हळू पण ठाम. हाताला टक्क लागलं म्हणजे कुठंतरी प्ले आहे, पण कुठं? आता दुसऱ्या कुणाला तरी ओढाओढ करायला सांगा आणि तुम्ही डाव्या हाताचं बोट तिथं ठेवा जिथं फ्रेमचा उभा पाईप आणि खालची टी एकमेकांना भेटतात, अर्धं बोट पाईपवर, अर्धं टी वर. ह्या दोन गोष्टी एकमेकांपासून हलताना बोटाच्या कातडीला चिमटा बसल्यासारखं स्पष्ट कळतं, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक प्ले पण बोट पकडतं. तसंच बोट वर टॉप प्लेटच्या खाली ठेवून बघा. इथं हललं तर कोनसेट.

इथं काहीच हललं नाही आणि तरी टक्क वाजतंय, तर बोट शॉकअपच्या सीलपाशी ठेवा, जिथं वरचा चकचकीत पाईप खालच्या नळीत जातो. तिथं हलत असेल तर शॉकअपचे बुश किंवा पाईप झिजलाय, कोनसेट कितीही आवळा, तो आवाज जाणार नाही. मग चाक वर-खाली धरून आडवं हलवा, त्यात प्ले असेल तर चाकाचं बेअरिंग. आणि डिस्क ब्रेकच्या गाडीत पॅड आपल्या जागेत थोडे हलतात, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पण पिनांवर हलतो, ब्रेक मारल्यावरचा टक्क कितीतरी वेळा त्याचाच असतो. म्हणून जमिनीवर उभ्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून पुढं-मागं करून बघायची जी पद्धत सगळे वापरतात ती फक्त कुठंतरी प्ले आहे एवढंच सांगते, कोनसेटच आहे हे सांगत नाही. लई लोकांचे चांगले कोनसेट ह्याच एका तपासणीवर आवळून खराब झालेत.

हँडल थरथरायची तक्रार असेल तर कोनसेटला हात लावायच्या आधी टायरची हवा बघा, टायर कुठं उंच-सखल झिजलाय का बघा, चाक हवेत आहेच तर फिरवून रिम आऊट आहे का बघा, स्पोक ढिले आहेत का. गंगावेशीत दूध कट्ट्यावर येणाऱ्या गाड्या बघा, मागं दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. एवढं वजन मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चांगल्या गाडीचं हँडल पण हलायला लागतं. अशी गाडी रिकामी करूनच तपासायची, कॅन लावून चालवताना काय होतंय त्यावर कोनसेटचा निकाल द्यायचा नाही. पण ह्याच गाड्यांचे खालचे कोन खरोखर लवकर जातात हेही तितकंच खरं आहे. अशाच एका दुधाच्या गाडीची खालची वाटी पुसून उजेडात धरली होती, पुढच्या आणि मागच्या बाजूला ओळीनं खळगे, डोळ्याला नुसते पुसट ठिपके दिसत होते, पण नख फिरवलं की प्रत्येकात टुक टुक अडकत होतं. बाजूंचा भाग मात्र आरशासारखा नवाच्या नवा. सरळ रस्त्यावरचे दणके कुठं बसतात ते त्या वाटीवर लिहूनच ठेवलं होतं.

तर, बेअरिंग फिरतंय गुळगुळीत, खळगा नाही, खरखर नाही, फक्त प्ले आहे किंवा फक्त टाईट आहे, अशा वेळीच ऍडजस्ट करायचं.

सामान काय लागतं? मोठ्या नटाच्या मापाचा सॉकेट किंवा रिंग पाना (फिक्स पान्यानं कोपरे झिजतात, आणि ऍडजस्टेबल पाना तर नकोच), टॉप प्लेटच्या बोल्टांसाठी पाना किंवा ऍलन की, गोल खाचांच्या नटासाठी सी-स्पॅनर म्हणजे हूक पाना, मिळाला तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरालाच आवळता येतं असा पाना), एक मार्कर, आणि टाकीवर टाकायला जुनी वाकळ. टाकीवर पाना निसटला की रंग गेलाच, वाकळ जाड टाका. सी-स्पॅनर लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, नाही मिळाला तर नटाचं माप घेऊन उद्यमनगरात जा, जाड पट्टीतनं कापून देणारे कितीतरी आहेत, आपल्या गावाचा हा फायदा दुसरीकडं मिळत नाही. छिन्नी-हातोडी मात्र घरात पण वापरायची नाही. एक तर नटाच्या खाचा फुटतात आणि पुढच्या वेळी पाना बसत नाही, आणि मुख्य म्हणजे ठोक्यानं नट किती फिरला ह्याचा अंदाज हाताला येत नाही. आपल्याला तर नट अगदी थोडा फिरवायचा आहे.

वरची रचना समजून घ्या. सगळ्यात वर मोठा नट, तो टॉप प्लेट दाबून धरतो. टॉप प्लेटच्या खाली खाचांचा गोल नट, हाच ऍडजस्ट करायचा नट, हा बेअरिंगवर दाब देतो. काही गाड्यांत असे दोन गोल नट एकावर एक असतात, मध्ये वॉशर, कधी तो वॉशर रबरी, कधी वाकवलेल्या पात्यांचा. तिथं वरचा गोल नट लॉकचा आणि खालचा ऍडजस्टचा. तुमच्यात कुठला प्रकार आहे ते टॉर्च मारून आधी बघून घ्या आणि मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. हँडल मध्ये येत असेल तर हँडलचे क्लॅम्प खोलून हँडल वाकळीवर पुढं-मागं ठेवा, पण ब्रेक ऑइलचा डबा उभाच राहू दे, आडवा झाला तर ब्रेकमध्ये हवा जाते. स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा भाग) असलेली गाडी असेल तर तो आधी सोडवा.

आता खोलायचा क्रम. प्रथम टॉप प्लेट शॉकअपला जिथं आवळलेली असते ते दोन्हीकडचे बोल्ट ढिले करा. फक्त वरचे. खालच्या टी चे बोल्ट अजिबात सोडायचे नाहीत, ते सुटले की शॉकअप आपल्या जागेवरनं घसरतात आणि मग उंची परत जुळवायचं काम वाढतं. (स्प्लेंडरसारख्या गाडीत शॉकअप टॉप प्लेटला वरनं बोल्टनं धरलेला असतो, तिथं तो बोल्ट थोडा सैल करायचा, काढायचा नाही.) हे बोल्ट ढिले का करायचे, तर टॉप प्लेट शॉकअपला घट्ट धरून बसली असेल तर तुम्ही खालचा नट फिरवला तरी ती वर-खाली सरकणार नाही, आणि सगळं ऍडजस्टमेंट खोटं येईल. घरी करणारे बरेच जण ही पायरी गाळतात, मग म्हणतात करून पण फरक पडेना. नंतर वरचा मोठा नट ढिला करा, पूर्ण काढायची गरज साधारण पडत नाही. दोन गोल नट असतील तर लॉकचा सोडवा, पात्यांचा वॉशर असेल तर पाती आधी सरळ करा.

आता हँडल सरळ ठेवून मार्करनं गोल नटावर आणि त्याच्या शेजारी फ्रेमवर एक सरळ रेघ मारा. काही चुकलं तर परत ह्याच जागेवर येता येतं.

ढिला असेल तर नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, टाईट असेल तर उलट. किती? अष्टमांश फेरा पण बऱ्याचदा जास्त होतो, खाचेच्या अर्ध्या रुंदीपासून सुरू करा. फिरवा, थांबा, पुढं जाऊन शॉकअप ओढून बघा, एका बोटानं हँडल फिरवून बघा, परत या. सी-स्पॅनरचा दांडा लांब असतो, त्यामुळं जोर नकळत जास्त लागतो, दांडा टोकाला धरू नका, मधे धरा. जिथं प्ले जातो तिथंच नेमकं थांबायचं, आणि मग त्याहून नखभर पुढं, एवढंच. गिरणीवाला दगड जुळवतो ते आठवा, सैल राहिला तर भरडा पडतो आणि जास्त आवळला तर पीठ जळतं, मधली जागा अगदी थोडी असते आणि ती तो पीठ चिमटीत घेऊन बघतो, नटाकडं बघून नाही. सुट्टे छर्रे असलेल्या गाडीत तर जास्त आवळणं फारच वाईट, छर्रा वाटीला एका बिंदूवर टेकतो, त्यामुळं जास्त दाबानं चांगल्या वाटीत पण खळगे पडतात. टेपर रोलर पूर्ण लांबीवर टेकतो म्हणून तो थोडा जास्त दाब सोसतो आणि त्याला लागतो पण.

मनासारखं झालं की आता (दोन गोल नट असतील तर आधी लॉकचा परत बसवून) वरचा मोठा नट आवळा, आणि आवळल्यावर परत तिन्ही तपासण्या करा. हे चुकवू नका. वरचा नट आवळला की टॉप प्लेट खालच्या नटाला दाबते, आट्यांमधला प्ले निघून जातो आणि बेअरिंगवरचा दाब आधीपेक्षा वाढतो. म्हणजे वरचा नट ढिला असताना जे अगदी परफेक्ट वाटलं होतं ते आवळल्यावर टाईट होतं. त्याला उपाय हाच, परत ढिला करा, गोल नट किंचित मागं घ्या, परत आवळा, परत बघा. दोन-तीनदा होणारच, अनुभवी माणसाचं पण होतं, त्यात कंटाळायचं नाही. शेवटचा निकाल वरचा नट पूर्ण टॉर्कला आवळल्यानंतरच. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनं घ्या, गाडीगणिक वेगळा असतो. आणि सगळ्यात शेवटी टॉप प्लेटचे शॉकअपचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत ते छोटे बोल्ट ऍल्युमिनियममध्ये बसतात, आटे लवकर जातात, लांब दांड्याचा पाना तिथं लावू नका.

गाडी खाली घ्यायच्या आधी एवढं बघा. इंजिन चालू करून हँडल दोन्ही लॉकपर्यंत न्या, आयडलिंगचा आवाज वाढला तर ऍक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, ती नीट बसवा, वळणावर गाडी आपोआप पळाली तर काय होईल ते सांगायला नको. दोन्ही लॉकला हॉर्न वाजतोय का, हँडलचं चावीचं लॉक बसतंय का, ब्रेकचा होज कुठं ताणत नाही ना. मग ट्रायल. सकाळी शेंडा पार्ककडं रस्ता मोकळा असतो, हेल्मेट घालून वीस-तीसच्या वेगानं सरळ चाला. गाडी आपणहून सरळ राहायला पाहिजे, दर सेकंदाला सावरायला लागायला नको. पुढचा ब्रेक हलका, मग थोडा जोरात, टक्क नाही पाहिजे. मग छोटे आठ आकडे मारा. हात सोडून बघायची सवय बऱ्याच पोरांना आहे, ती इथं बिलकूल नको, नुकतंच खोलून बसवलंय. जरा जरी डुलली किंवा जड वाटली तर हायवेला न जाता घरी आणून परत बघा.

सेट बदलायचा असेल तर ते काम मोठं आहे, पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी घ्या. पुढचं चाक, मडगार्ड, शॉकअप, हेडलाईट, सगळं उतरतं. टी खाली घेताना खाली पांढरं फडकं पसरा, छर्रे सांडतातच, आणि वरचे-खालचे वेगवेगळ्या डब्यांत मोजून ठेवा, दोन्हीकडचा आकडा किंवा माप सारखंच असेल असं धरू नका. जुन्या वाट्यांत नवीन छर्रे टाकून पैसे वाचवायचे नाहीत, वाटी, कोन, छर्रे सगळं एकत्र नवीन. रॉकेलनं किंवा डिझेलनं फ्रेमचा पाईप आतनं स्वच्छ पुसा. नवीन वाटी बसवताना हातोडीनं एका बाजूला ठोकली की तिरकी जाते, त्यापेक्षा लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन हळूहळू ओढून बसवा, वाटीच्या मापाचे वॉशर उद्यमनगरात लेथवर करून मिळतात. वाटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तर किंचित आकसते आणि सोपं जातं. आत पूर्ण बसली की नाही ते ठोक्याच्या किंवा नटाच्या बदललेल्या जोरावरनं कळतं, आणि कडेनं फट राहिली नाही हे बघून घ्या. ग्रीस पाण्याला टिकणारं, चांगल्या कंपनीचं, आणि जुन्यावर नवीन थापू नका, दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहतात असं होऊ शकतं. छर्रे ग्रीसमध्ये पूर्ण बुडले पाहिजेत. टेपर रोलर असेल तर ग्रीस हाताच्या तळव्यावर घेऊन बेअरिंगच्या रुंद तोंडानं दाबत दाबत दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत भरायचं. नवीन सेट बसवल्यावर आधी थोडा जास्त आवळून हँडल दोन्ही लॉकपर्यंत चार-पाचदा फिरवतात, सगळं जागेवर बसतं, मग सैल करून योग्य दाबाला आणतात. तरी तो चालवल्यावर थोडा आणखी बसतोच, म्हणून पाचशे ते हजार किलोमीटरला परत तपासायचं, बहुतेक वेळा तेव्हा किंचित प्ले निघतो.

ऍडजस्ट केलेला जुना सेट पण प्रत्येक सर्व्हिसिंगला एकदा चाक उचलून बोटानं फिरवून बघा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तर नक्की. आणि धुताना काळजी घ्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळीकडं गाड्या धुवायची रांग असते, पूजा करायची म्हणून लोक हँडलच्या खाली, टी च्या वर प्रेशरची नळी अगदी जवळ लावून माती काढतात, नेमकं तिथनं पाणी कोनसेटमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. तिथं लांबनं पाणी मारा आणि माती ओल्या फडक्यानं काढा. गाडी गॅरेजलाच देणार असाल तर देताना दोन गोष्टी विचारा, सी-स्पॅनर आहे का, आणि आवळल्यावर चाक उचलून मला फिरवून दाखवाल का. दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाले तर गाडी तिथं देऊ नका.